मीठ, मेस आणि ब्लडप्रेशर

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मूळ गाव : वरोरा)

मित्रांनो, शीर्षक वाचून पान उलटू नका. ब्लडप्रेशर हा म्हाताऱ्यांचा विषय, आपला काय संबंध, असं मलाही वाटायचं. बी.पी. म्हणजे शेजारच्या आजोबांची गोळी आणि अळणी भाजी, एवढीच माझी माहिती. पण मागच्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि माझा समज बदलला.

पहिली गोष्ट घरची. माझे बाबा कोळसा खाणीत नोकरीला आहेत. तिथल्या नियमित तपासणीत त्यांचं बी.पी. १६८/१०४ निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, बाबांनी ती महिनाभर घेतली आणि बंद केली. दिवाळीत मी वरोऱ्याला गेलो तेव्हा आईने हे सांगितलं. मी बाबांना विचारलं तर त्यांचं उत्तर तयार होतं, "मले काई होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मंग गोळी कायले खाऊ?" याला काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नाही.

दुसरी गोष्ट हॉस्टेलची. रा. से. यो.च्या आरोग्य शिबिरात आम्ही मित्र गंमत म्हणून रांगेत उभे राहिलो. माझं बी.पी. आलं १३४/८८. मला वाटलं यंत्र बिघडलंय. डॉक्टरांनी दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, आकडा जवळपास तोच. ते म्हणाले, "हा आजार नाही, पण नोटीस आहे. घरी कोणाला बी.पी. आहे का? आणि रोज खातोस काय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं शोधता शोधता हा लेख तयार झाला.

पंप, पाइप आणि पारा

आपण इंजिनिअर लोक, तेव्हा आपल्याच भाषेत समजून घेऊ. हृदय हा पंप आणि रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. पंप दाबतो तेव्हाचा दाब वरचा आकडा, पंप सैल पडतो तेव्हाचा दाब खालचा आकडा. १२०/८० म्हणजे पाऱ्याचा १२० आणि ८० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरील एवढा दाब. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. म्हणजे १२० मि.मी. पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर स्तंभ होईल सुमारे १६३ सेंटिमीटरचा. साधारण एका माणसाच्या उंचीएवढं पाणी! हृदय मिनिटाला ७२ वेळा, म्हणजे दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा हे काम करतं, आणि सुट्टी नाही.

हा दाब पहिल्यांदा मोजला तो घोड्यावर. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली आणि रक्त आठ फुटांपेक्षा जास्त वर चढलं. १७३३ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. दंडाला पट्टा बांधून मोजायची पद्धत १८९६ मध्ये इटलीच्या रीव्हा-रोचीने आणली आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दोन्ही आकडे वाचायची रीत रशियाच्या कोरोटकॉफने १९०५ मध्ये सांगितली.

आपल्याकडे साधारणपणे वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. एकदाच जास्त आला म्हणून घाबरायचं नाही आणि एकदाच बरोबर आला म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. मटेरियल्सच्या विषयात आपण फटीग शिकलो. एखाद्या भागावर तोडणारा भार आलेला नसतो, पण थोडा जास्त भार लाखो वेळा येत राहतो. बाहेरून काही दिसत नाही, आत बारीक तडा वाढत जातो आणि एक दिवस भाग मोडतो. रक्तवाहिन्यांचं बरंचसं असंच आहे. जास्त दाबाखाली त्यांचं आतलं अस्तर खराब होतं, भिंती जाड आणि कडक होतात. मग कधी मेंदूतली वाहिनी फुटते किंवा बंद पडते (लकवा), कधी हृदयाची (हार्ट अटॅक), कधी किडनीची बारीक चाळणी निकामी होते. तोपर्यंत डोकं दुखेलच, चक्कर येईलच असं नाही. म्हणून "मले काई होत नाही" हा पुरावा होऊ शकत नाही. पुरावा फक्त यंत्रावरचा आकडा.

हे शहरातल्या साहेबांचं दुखणं नव्हे

बी.पी. म्हणजे एसीत बसणाऱ्या, गाडीतून फिरणाऱ्या माणसाचा आजार असं आपल्याकडे समजतात. शेतात राबणाऱ्या, जंगलात पायी फिरणाऱ्या माणसाला कुठून होणार? याचं उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्याने दिलं आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतल्या ९४,१५४ लोकसंख्येत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. एकूण मृत्यू १,५९९. त्यातले २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्यामुळे झालेले. मलेरिया नाही, साप चावून नाही, कुठल्याही एका कारणाने झालेल्या मृत्यूंमध्ये लकवा पहिल्या क्रमांकावर! २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातला मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा वेगळाच आहे : लकव्याने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसं घरीच गेली. आणि लकव्याचं सगळ्यात मोठं, टाळता येण्यासारखं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

पूर्ण देशाचं म्हणाल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के बायकांमध्ये आणि २४ टक्के पुरुषांमध्ये रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी गोळी चालू असलेली आढळली. म्हणजे साधारण चार-पाच माणसांत एक. आपल्या हॉस्टेलच्या ऑफिसातले बाबू, वॉर्डन सर, मेसच्या काकू, वॉचमन काका अशी यादी केली तर कोणीतरी सापडणारच.

"मी तर काडी पहिलवान आहे, मला कसं होईल?" असं म्हणणाऱ्यांसाठी दुसऱ्या शेजाऱ्याचं उदाहरण. वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला १९३६ पासून महात्मा गांधी राहत होते. शाकाहारी, तंबाखू-दारूला स्पर्श नाही, रोज मैलोगणती चालणं, वजन पन्नास किलोच्याही आत. तरीही त्यांच्या आरोग्याच्या जपून ठेवलेल्या नोंदींत १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० ला २२०/११० असे आकडे आहेत. ज्यांनी १९३० मध्ये मिठासाठी दांडीपर्यंत पायी जाऊन साम्राज्य हलवलं, त्यांनाच हा त्रास! वय, आनुवंशिकता, ताण अशी कितीतरी कारणं असतात आणि सगळीच आपल्या हातात नसतात. म्हणून बी.पी. निघालं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं तर मुळीच नाही.

गांधीजींच्या काळात या आजारावर धड औषध नव्हतं. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट याच वाढलेल्या दाबाने मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांच्या हातातही फारसं काही नव्हतं. पहिल्या उपयोगी औषधांपैकी एकाकडे जगाचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ मध्ये त्यांनी सर्पगंधा या आपल्याच वनस्पतीचा रुग्णांवरचा अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. आज त्याहून सुरक्षित आणि स्वस्त गोळ्या आल्या आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून सुरुवातीला निवडलेल्या चार जिल्ह्यांत आपले शेजारचे वर्धा आणि भंडारा होते (बाकीचे दोन सातारा आणि सिंधुदुर्ग). औषध दाराशी आलंय. आता प्रश्न ताटाचा.

मीठ नक्की करतं काय?

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यात वजनाने साधारण ४० टक्के सोडियम. शरीराला सोडियम लागतं, पण फार थोडं. जास्त झालेलं किडनीने लघवीतून बाहेर टाकायचं असतं. ते लगेच जमलं नाही की सोडियमबरोबर पाणीही शरीरात थांबतं. बंद पाइपलाइनमध्ये पाणी वाढवलं तर प्रेशर गेज काय दाखवील? तेच. शिवाय सततच्या जास्त सोडियममुळे रक्तवाहिन्या ताठरही होतात. काहींच्या किडन्या हे काम झपाट्याने करतात, काहींच्या हळू. म्हणून तेवढंच मीठ खाऊन एकाचं बी.पी. वाढतं आणि दुसऱ्याचं वाढत नाही.

सोडियमचा जोडीदार म्हणजे पोटॅशियम. ते भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं यांत असतं. ते किडनीला सोडियम बाहेर टाकायला मदत करतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवतं. गंमत बघा, आपण भाजीपाला कमी आणि मीठ जास्त खातो. म्हणजे जे वाढायला हवं ते कमी आणि जे कमी हवं ते जास्त.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे एक सपाट छोटा चमचा. "सगळं मिळून" हे शब्द महत्त्वाचे. वरण, भाजी, पोळीची कणीक, लोणचं, पापड, चहाबरोबरचं खारं बिस्किट, संध्याकाळचा चिवडा, सगळं त्यात आलं.

मेसचा मास बॅलन्स

थर्मोडायनामिक्सच्या पहिल्या धड्यात जे शिकलो ते मेसला लावलं. मेसमध्ये महिन्याला येणारं मीठ भागिले जेवणारी मुलं, भागिले दिवस. समजा १०० मुलं आहेत आणि महिन्याला ३० किलो मीठ लागतं. ३०,००० ग्रॅम ÷ १०० ÷ ३० = १० ग्रॅम. म्हणजे माणशी मर्यादेच्या दुप्पट! थोडं मीठ भांड्यात राहतं, खरकट्यात जातं, ते वजा करा. पण विकतचे पापड, लोणचं आणि कँटीन यांतलं मीठ या हिशेबात आलेलंच नाही, ते मिळवा. आपल्या मेसचा खरा आकडा मी काढला आहे. तो इथे छापला तर मेस सेक्रेटरी माझं ताट बंद करील, म्हणून एवढंच सांगतो की तो ५ च्या खाली नाही.

आता वरून घेतलेलं मीठ बघा (आकडे ढोबळ आहेत, ब्रँडप्रमाणे बदलतात) :

• एक पापड : अर्धा ग्रॅम किंवा थोडं जास्त. मिठाशिवाय त्यात पापडखार असतो, त्यातही सोडियमच.
• लोणच्याचा एक चमचा : एक ग्रॅमच्या आसपास.
• रात्री बारा वाजता किटलीत केलेल्या नूडल्सचं एक पाकीट : दोन ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं मसाल्याच्या पुडीत.
• तर्री-पोहे, त्यावर शेव, वरून पुन्हा तर्री : मोजायची हिंमत झाली नाही.

पाकिटाच्या मागे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. ८०० मि.ग्रॅ. सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. एवढा गुणाकार आपल्याला जमायला हरकत नाही.

मग खायचं तरी काय?

इथे एक चांगली बातमी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत 'डॅश' नावाचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४५९ माणसांना आठ आठवडे ठरवून दिलेलं जेवण दिलं. एका गटाला नेहमीचं अमेरिकन जेवण. दुसऱ्या गटाला भरपूर भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य, डाळी, दाणे, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, आणि मांस, तूप-लोणी, गोड कमी. मीठ सर्वांना सारखंच, वजनही कोणाचं कमी होऊ दिलं नाही. तरीसुद्धा ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी ११ मि.मी.ने आणि खालचा साडेपाचने उतरला. म्हणजे जवळपास एका गोळीएवढं काम जेवणाने केलं! २००१ मध्ये ४१२ लोकांवर पुढचा प्रयोग झाला. त्यात तोच आहार आणि शिवाय मीठ कमी, असं दोन्ही एकत्र केल्यावर परिणाम सर्वांत चांगला आला.

आता या 'डॅश' जेवणाची यादी आपल्या आजीला वाचून दाखवा. ती म्हणेल, "यात नवीन काय?" ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालक-चवळी-आंबाडीची भाजी, पावसाळ्यातला तरोटा, जवसाची चटणी, कांदा, ताक, हंगामातली फळं. वरोरा-भद्रावतीकडचं शेतकऱ्याचं साधं ताट आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचं ताट यांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो तीन ठिकाणी : आपलं मीठ, आपलं तेल आणि आपला भाताचा डोंगर. भाजी चमचाभर आणि भात परातभर, हे प्रमाण थोडं उलटं करायचं आहे.

हॉस्टेलमध्ये राहून जमण्यासारखं एक दिवसाचं ताट देतो :

सकाळी : पोहे किंवा उपमा, पण शेव-तर्रीशिवाय. वर लिंबू आणि भरपूर सांभार. सोबत मोड आलेली मटकी किंवा मूग. मोड आणायला फक्त पाणी आणि ओला फडका लागतो, रूमवर जमतं.

दुपारी : दोन-तीन पोळ्या किंवा भाकर, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर भाजी, काकडी-मुळा-टोमॅटो मीठ न टाकता, थोडा भात, ताक. लोणचं किंवा पापड, दोन्हीपैकी एक आणि तेही रोज नाही.

संध्याकाळी : खारे शेंगदाणे नको, साधे भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. केळी, पेरू, संत्री, बोरं, जे हंगामात स्वस्त असेल ते. नागपूरच्या संत्र्याच्या इतक्या जवळ राहून आपण पाकिटातला ऑरेंज ज्यूस पितो, हा विनोदच आहे.

रात्री : दुपारसारखंच, थोडं हलकं. रविवारी सावजी खाल्लं तर आकाश कोसळत नाही, पण रस्सा वाटीने प्यायचा नाही. मीठ आणि तेल दोन्ही रस्स्यातच असतं.

एक सूचना कान देऊन ऐका. ज्यांना किडनीचा आजार आहे, किंवा बी.पी.च्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांना जास्त पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. अशांनी केळी, शहाळं वाढवण्याआधी किंवा 'लो सोडियम' मीठ आणण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. इतरांना मात्र त्याचा फायदा दिसला आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार जोखमीच्या लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला. ज्या खेड्यांत असं मीठ दिलं तिथे लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. २०२१ मध्ये ते निष्कर्ष आले.

"मे महिन्यात मीठ कमी? मरायचं आहे का?"

हा प्रश्न मला वरोऱ्यात प्रत्येकाने विचारला, आणि तो रास्त आहे. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घामातून मीठ जातंच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, आठ-पंधरा दिवसांत शरीर उन्हाला सरावतं आणि घामातलं मीठ आपोआप कमी सोडायला लागतं. दोन, वर्गात आणि कूलरसमोर बसणाऱ्याला वेगळं मीठ लागत नाही, आपल्या जेवणात आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. त्याला लागतं ते पाणी. कैरीचं पन्हं, ताक, लिंबूपाणी जरूर प्या, मीठ चिमटीभर टाका, चमचाभर नको.

उघड्या खाणीत, वीटभट्टीवर, शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्याचं गणित वेगळं आहे. जुलाब-उलटी झाली, ऊन लागलं तर ओ.आर.एस. द्यायचंच. पण ओ.आर.एस. हे औषध आहे, रोजचं कोल्ड्रिंक नव्हे. आणि ज्यांना बी.पी.ची गोळी चालू आहे त्यांना उन्हाळ्यात चक्कर येऊ लागली, तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवायचं. कधीकधी गोळीचं प्रमाण बदलावं लागतं.

काही ऐकीव गोष्टी

"आम्ही सैंधव खातो, आम्हाला चालतं." सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग बदलला म्हणून रसायन बदलत नाही. उलट त्यात आयोडीन नसण्याची शक्यता. आयोडीनयुक्त मीठच वापरा, फक्त कमी वापरा.

"वरून मीठ घेत नाही, मग झालं." वरून न घेणं चांगलंच. पण आपलं बहुतेक मीठ स्वयंपाकातच पडलेलं असतं.

"सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या खाल्ल्या की गोळीची गरज नाही." लसूण खायला हरकत नाही. गोळीच्या बदली नको.

"कमी मिठाचं जेवण आयुष्यभर अळणीच लागणार." नाही. जीभ काही आठवड्यांत सरावते. हळूहळू कमी केलं तर कळतही नाही. लिंबू, आमसूल, लसूण, जिरं, सांभार, हिरवी मिरची यांनी चव राखता येते. ठेचा खायचाय? खा, पण मिठाचा खडा लहान टाकून वाटा.

"खर्ऱ्याने टेन्शन कमी होतं, मग बी.पी. पण कमी होत असेल." उलट आहे. तंबाखूने हृदयाचे ठोके आणि दाब दोन्ही वाढतात, रक्तवाहिन्या खराब होतात. हा आहाराचा विषय नाही म्हणाल, पण आपल्या जिल्ह्यात खर्रा जेवणाइतकाच नियमित असतो, म्हणून लिहावं लागलं. दारूनेही दाब वाढतो.

याशिवाय रोज अर्धा तास भरभर चालणं आणि जास्तीचं वजन उतरवणं. एक किलो उतरलं की साधारण एक मि.मी. दाब उतरतो, असा ढोबळ हिशेब डॉक्टर सांगतात.

मेससाठी माझा प्रस्ताव

१. दर दोन आठवड्यांनी मीठ १० टक्क्यांनी कमी करायचं, असं चारदा. ०.९ चा चौथा घात म्हणजे सुमारे ०.६६. दोन महिन्यांत एक तृतीयांश मीठ कमी, आणि कोणाला कळणारही नाही. (हा लेख छापल्यावर कळेल, ती गोष्ट वेगळी.)
२. मीठ अंदाजाने मुठीने न टाकता मापाने टाकायचं. काकूंची मूठ आणि त्यांच्या मदतनिसाची मूठ यांत टॉलरन्स फार आहे.
३. टेबलावरची मिठाची वाटी उचलून काउंटरवर ठेवायची. ज्याला लागेल तो उठून जाईल.
४. लोणचं-पापड रोज नाही, आठवड्यातून दोनदा. त्या पैशात काकडी, मुळा किंवा केळं.
५. बी.पी. असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळं अळणी ताट नको. सर्वांच्याच पातेल्यातलं मीठ कमी करा.

पाचवा मुद्दा मी आईकडून शिकलो. बाबांसाठी वेगळी भाजी करायची ठरलं तेव्हा ते रोज आमच्या भाजीकडे बघत जेवायचे आणि चौथ्या दिवशी ताटावरून उठले. मग आईने निकाल दिला, "एकाच घरात दोन भाज्या कोन करनार? आता सगळ्यायनंच कमी मीठ खाचं." पहिले आठ दिवस घरात कुरकुर झाली. महिन्याने पाहुणे आले आणि म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. आम्हा कोणालाच ते जाणवलं नव्हतं!

बाबांची गोळीही पुन्हा सुरू झाली. फटीगचा धडा मी त्यांना खाणीच्या भाषेत सांगितला : कन्व्हेअरचा पट्टा तुटायच्या आदल्या दिवशीही चालतच असतो, म्हणून तुम्ही त्याची तपासणी बंद करता का? ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यात गेले. आता त्यांचं बी.पी. १३६/८४ च्या आसपास असतं. त्यात गोळीचं काम किती आणि आईच्या स्वयंपाकाचं किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. काढायची गरजही नाही. दोन्ही चालू राहिलं पाहिजे. माझंही शेवटच्या वेळी १२६/८२ होतं. नूडल्स सुटल्या, बुधवारचे तर्री-पोहे अजून सुटले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

शेवटी एक लक्षात ठेवा. घरी कोणाचा अचानक चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर झोपून राहायला सांगू नका, मालिश करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. पहिले चार-साडेचार तास फार मोलाचे असतात. ते ८७ टक्के लोक घरीच का गेले, याचा विचार करा.

आणि पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आई-बाबांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन बी.पी. मोजून आणा. स्वतःचंही मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, पैसेही लागत नाहीत. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपल्यात म्हणतात. आपल्या रक्तवाहिन्या तर खाल्लेल्या प्रत्येक चिमटीला जागतात आणि वीस-पंचवीस वर्षं हिशेब ठेवतात. तो हिशेब आत्ताच हलका केलेला बरा.